सहाजण, पाच बेटं आणि एकच कॅटामरान

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत राहणारं एक मराठी कुटुंब डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सॅन हुआनहून सात रात्रींच्या क्रूझवर निघतंय. नवरा-बायको, तेरा आणि आठ वर्षांची मुलं, आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे, वय ६६ आणि ७१. जहाज सेंट थॉमस, सेंट मार्टेन, अँटिग्वा, सेंट लुशिया आणि बार्बाडोसला थांबणार. पाचही ठिकाणच्या यादीत ‘कॅटामरान सेल अँड स्नॉर्केल’ आहे, म्हणजे दोन तळांच्या शिडाच्या बोटीतून फेरी आणि तोंडात नळी धरून तरंगत पाण्याखालचं बघणं, आणि फोटो सगळीकडे एकाच बोटीचे वाटावेत असे. ताई विचारतात, कुठली घ्यावी, जहाजाकडून की बाहेरून, आणि पोहता न येणाऱ्यांचं काय? सहांपैकी त्या स्वतः आणि मोठा मुलगा बरं पोहतात, बाकी चौघं जेमतेम. शेवटी लिहिलंय, ‘तसं मालवणला सगळ्यांनी स्नॉर्केलिंग केलंय.’

मी मालवणचाच. पुढे जहाजावर शोअर एक्स्कर्शनच्या काउंटरला अकरा सीझन काढले, म्हणजे सकाळी या सफरी विकायच्या आणि संध्याकाळी त्याच खिडकीत तक्रारी ऐकायच्या. म्हणून त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो.

मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ तुम्हाला पाण्यात उतरवतात तेव्हा सोबत रिंग असते आणि आमच्याकडचा एखादा पोरगा ती धरून तुम्हाला फिरवत असतो. तोंड कधी घालायचं, कधी वर काढायचं, सगळं तो सांगतो. तुम्ही पाय नाही मारले तरी चालतं. कॅरिबियनच्या कॅटामरानवर तसं काही होत नाही. साठ-सत्तर माणसांची बोट असते. एक खलाशी पाच मिनिटांत, भरभर, मध्ये दोन विनोद पेरत सूचना सांगतो. प्रत्येकाला मास्क, फिन म्हणजे पायात घालायचे लांब पंख, आणि तोंडाने फुंकून फुगवायचं पातळ जाकीट मिळतं आणि मागच्या पायऱ्यांवरून सगळे पाण्यात. पाण्यात गाइड दोन, फार तर तीन. ते लक्ष ठेवतात, पण हात धरत नाहीत. घाबरलात तर ओरडून हात हलवायचा, मग येतात. चांगल्या बोटीवरही पद्धत हीच.

तेव्हा पहिलं काम तिकिटाचं नाही. निघण्याआधी तीन-चार रविवार जवळच्या इनडोअर पूलमध्ये जा. स्वतःचा मास्क घ्या. घेताना पट्टा न लावता नुसता चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास ओढायचा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. सासऱ्यांना मिशी असेल तर तिथून पाणी शिरणार. वरच्या ओठाला थोडं व्हॅसलीन लावलं की बरंच थांबतं. सासूबाईंना लांबचा चष्मा असेल तर नंबरचा मास्क आधीच मागवा, बोटीवर असतात ते एखाद-दोन आणि तेही कोणी तरी आधी उचललेले. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क सोपे वाटतात पण घेऊ नका. कित्येक बोटी चालवूनही घेत नाहीत, आणि घाबरलेल्या माणसाला तो पटकन काढता येत नाही. पूलमध्ये बघायचं एवढंच, की प्रत्येकजण उथळ पाण्यात पालथा पडून तोंडाने शांत दहा मिनिटं श्वास घेऊ शकतो का. ज्याला जमलं तो समुद्रात उतरेल. ज्याला नाही जमलं तो बोटीवर बसून समुद्र बघेल, त्यातही काही कमीपणा नाही. सासऱ्यांना रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना ‘फिरायला जातोय’ असं मोघम सांगू नका, ‘समुद्रात स्नॉर्केलिंग करणार आहे’ असं स्पष्ट विचारा. बाहेरून दिसतं त्यापेक्षा त्यात छातीवर ताण जास्त येतो.

आता बेटांकडे येऊ. तिथला वारा बारा महिने पूर्वेकडून, म्हणजे अटलांटिकवरून येतो. बेटाची पूर्व बाजू त्याच्या तोंडावर आणि पश्चिम बाजू आडोशाला. क्रूझची धक्क्याची गावं आणि स्नॉर्केलिंगच्या बऱ्याचशा जागा आडोशाला आहेत त्या यामुळेच. तुम्ही जाताय ते दिवस मात्र ‘ख्रिसमस विंड्स’चे. डिसेंबरच्या मध्यापासून वारा चढतो आणि कधीकधी दिवसच्या दिवस वीस-पंचवीस नॉटला (ताशी चाळीसेक किलोमीटर) ठाण मांडून बसतो. आकाश निळं, ऊन लख्ख, आणि खाडीबाहेर पाणी नुसतं पांढरं. त्यात भर म्हणजे उत्तर अटलांटिकमध्ये लांब कुठे वादळ झालं तर त्याची लाट दोन-तीन दिवसांनी उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यांवर येऊन पोचते. त्या दिवशी आडोशाचा किनाराही दगा देतो. हे कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

दुसरी गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली. बेट उंच असलं की त्याच्या आडोशाला वारा मरतो. सेंट लुशियात सर्वात उंच डोंगर साडेनऊशे मीटरचा. कॅस्ट्रीजहून, म्हणजे जहाजाच्या बंदरातून, सूफ्रिएर गावाला जाणारी कॅटामरान पश्चिम किनाऱ्याने खाली उतरते तेव्हा वारा डोंगरावरून उडी मारून पार पुढे समुद्रात जाऊन पडतो. मध्येच एखाद्या दरीतून झोत येतो आणि लगेच जातो. त्यामुळे शीड बऱ्याचदा शोभेला, काम इंजिनाचं. मी दुसऱ्याच सीझनला एका नवरा-बायकोला ही सफर ‘खरं सेलिंग’ म्हणून विकली होती. नवरा स्वतः तलावात छोटी बोट चालवणारा. संध्याकाळी खिडकीत आला आणि शांतपणे म्हणाला, ‘चार तास डिझेलचा वास घेतला, त्याला तुम्ही सेलिंग म्हणता का?’ चूक माझीच होती. मी तोवर त्या बोटीवर पाय ठेवला नव्हता.

याचा अर्थ सेंट लुशिया वाईट असा नाही. सूफ्रिएरच्या मागून पिटॉन नावाचे दोन सुळके सरळ समुद्रातून उगवलेले दिसतात ते दृश्य बोटीवरूनच बघावं. २००४ साली ती जागा युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. पण ती डोंगर बघायची सफर आहे, स्नॉर्केलिंग तिथे तोंडी लावण्यापुरतं. दिवसभराच्या सफरीत गंधकाचे झरे, बाग, धबधबा, जेवण, आणि परतताना कुठल्या तरी छोट्या खाडीत अर्धा तास पाण्यात. सासू-सासऱ्यांना हा दिवस आवडेल. मुलं कंटाळतील.

अँटिग्वा आणि बार्बाडोस ही बेटं बुटकी. अँटिग्वाचा माथा चारशे मीटरच्या आसपास, बार्बाडोसचा त्याहून कमी. वारा बेटावरून सरळ वाहत येतो, पण जमिनीचा आडोसा असल्याने पाणी सपाट. बोट पश्चिम किनाऱ्याने दक्षिणोत्तर जाते म्हणजे वारा जाता-येता दोन्ही वेळा कुशीवर. आमच्याकडच्या कुठल्याही जुन्या तांडेलाला विचारा, शिडाला याहून सोपा वारा नाही. सेलिंग हवं असेल तर या दोन बेटांवरच हवं.

यात अँटिग्वाच्या बोटी बऱ्याचदा केड्स रीफला जातात. नैऋत्येला लांबच लांब पसरलेली प्रवाळाची पट्टी आहे. सेलिंग झकास, पाणीही स्वच्छ. पण ती जागा किनाऱ्यापासून सुटी आहे, ख्रिसमस विंड्समध्ये तिच्यावर लाट फिरते आणि पाण्याला ओढ असते. ताई, तुम्ही आणि मोठा मुलगा मजेत जाल. बाकीच्या चौघांसाठी मी ती घेणार नाही.

शिडीची गोष्ट सांगतो म्हणजे का ते कळेल. एकदा मी अशाच बोटीवर सोबत म्हणून गेलो होतो. आपल्याच बाजूचे एक काका, साठीचे, पाण्यात उतरले, दहा मिनिटं मासे बघून खूशही झाले. परत चढताना पंचाईत झाली. बोटीची मागची बाजू लाटेबरोबर दोन-अडीच फूट वर जात होती आणि धपकन खाली येत होती. काकांनी फिन पायातच ठेवून पहिल्या पायरीवर पाय टाकला, लांब फिन पायरीखाली अडकला, तेवढ्यात बोट खाली आली आणि पायरीची कड नडगीवर. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण त्यांनी घाबरून कठडा सोडला, तोंडात पाणी गेलं आणि मागे आठ जण रांगेत. गाइडने काखेत हात घालून वर घेतलं. उरलेला दिवस काका कोणाशी बोलले नाहीत. म्हणून हे घरी सगळ्यांना पाठ करून घ्या: कठडा एका हाताने धरायचा, दुसऱ्या हाताने फिन काढून वरच्या माणसाकडे द्यायचे, बोट खाली आली की पाय ठेवायचा आणि ती वर जाताना तिच्याबरोबर उठायचं. बोटीपासून हातभर लांब थांबून आपली पाळी बघायची, शिडीखाली घुटमळायचं नाही.

सेंट थॉमसच्या बोटी बहुतेक करून बक आयलंडला जातात. सेंट क्रॉयजवळ याच नावाचं एक प्रसिद्ध राष्ट्रीय स्मारक आहे, ते हे नव्हे. हे शार्लट अमाली या सेंट थॉमसच्या बंदराच्या दक्षिणेला असलेलं छोटं बेट. तिथे टर्टल कोव्हला गवत खायला हिरवी कासवं येतात, आणि जवळच कार्टान्झा सेन्योरा हे बुडालेलं मालवाहू जहाज आहे, वरून त्याचा काळसर आकार दिसतो. जाताना वारा तोंडावर म्हणून इंजिन, परतताना पाठीवर म्हणून शीड. त्यामुळे आधी आपटा-आपटी आणि मग आराम. सेंट जॉनला, ट्रंक बेला जाणारी सफर अजून पूर्वेला आहे, म्हणजे वाऱ्याविरुद्ध अजून लांब. डिसेंबरात ज्यांना बोट लागते त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

पण सेंट थॉमसला तुमच्या जमेची एक बाजू आहे. ते अमेरिकेच्या ताब्यातलं बेट, त्यामुळे तिथे अमेरिकन कोस्ट गार्डचे नियम लागतात. कोस्ट गार्डची तपासणी झालेली नसलेली छोटी बोट पैसे घेऊन साधारणपणे जास्तीत जास्त सहा प्रवासी नेऊ शकते, आणि तुम्ही मोजून सहा. लहान मूल धरूनही सहाच, त्यामुळे ‘आठ वर्षांचा आहे, मांडीवर बसेल’ हे तिथे चालत नाही. अख्खी बोट स्वतःची केलीत तर कप्तान वारा बघून कासवांच्या शांत खाडीत थांबतो, सासूबाई अर्धा तास पायरीवर पाय सोडून बसल्या तरी मागे रांग नसते. माणशी पैसे मोठ्या बोटीपेक्षा बरेच जास्त पडतात. सगळ्यांनी मिळून समुद्राचा एकच दिवस करायचा आणि हात सैल असेल तर हा विचार जरूर करा.

सेंट मार्टेनच्या कॅटामरान सफरीबद्दल माझं फारसं चांगलं मत नाही, जाऊ द्या. मोठ्या मुलाला शिडाची खरी चव द्यायची असेल तर तिथल्या फिलिप्सबर्ग बंदरात अमेरिका कप या शिडाच्या बोटींच्या प्रसिद्ध शर्यतीसाठी बांधलेल्या जुन्या बारा मीटर वर्गाच्या बोटींवर दोन संघांची छोटी शर्यत लावतात. दोर ओढायचं कामही प्रवाशांनाच देतात. पाण्यात उतरायचं नसतं. वयाची अट विचारून घ्या.

आणि बार्बाडोस. सहाजणांसाठी एकच कॅटामरान घ्यायची तर मी डोळे झाकून इथली घेईन. ब्रिजटाऊन हे तिथलं बंदर आडोशाच्या बाजूला. बोटी जहाजाच्या धक्क्यापासून जवळच लागतात, त्यामुळे सकाळचा वेळ बसमध्ये जात नाही. पश्चिम किनाऱ्याला कासवं आणि कार्लाइल खाडीत बुडालेल्या बोटी. त्यातली बर्विन ही फ्रेंच टगबोट १९१९ पासून तिथे आहे, वीसेक फूट पाण्यात, सगळ्या अंगावर प्रवाळ आणि पंखे उगवलेले. पोहता न येणारा माणूस जाकिटावर तरंगत वरून सगळं बघू शकतो आणि मान वर केली की किनारा दिसतो. नवख्या माणसाचा श्वास निम्मा त्यानेच ताळ्यावर येतो. कासवं जवळ येतील, त्यांना हात लावायचा नाही आणि काही खाऊ घालायचं नाही. एखादा खलाशी मासळीचा तुकडा दाखवून त्यांना बोलावत असेल तर ती बोट पुढच्या वेळी नको.

जाहिरातीतल्या रंगीबेरंगी प्रवाळाची अपेक्षा मात्र ठेवू नका. २०१४ मध्ये फ्लोरिडात प्रवाळांना एक रोग लागला, तो पुढे कॅरिबियनमध्ये बऱ्याच ठिकाणी पसरला, २०१९ ला सेंट थॉमसला पोचला. त्यावर २०२३ चा उन्हाळा पाण्यालाही भाजून गेला. ठिकठिकाणी पांढरट सांगाडे दिसतात. मासे, कासवं, समुद्रपंखे आणि बुडालेली जहाजं अजून भरपूर आहेत, आणि पाणी मालवणसारखं गढूळसर हिरवं नसतं, पन्नास-साठ फूट लांबचं सहज दिसतं. मुलांना हे आधी सांगून ठेवा.

जहाजाकडून की बाहेरून? जहाजाच्या सफरीला उशीर झाला तर जहाज थांबतं. बाहेरून गेलात आणि उशीर झाला तर ते निघून जातं, पुढच्या बेटावर स्वखर्चाने गाठायचं. त्या बदल्यात बाहेरची बोट छोटी असते, पैसेही थोडे कमी. माझा नियम असा, की परतायची वेळ आणि जहाजावर चढायची शेवटची वेळ यांत दोन तासांचं अंतर असेल तर बाहेरून बिनधास्त. या मार्गावर सगळी बेटं आणि सॅन हुआन एकाच वेळेत आहेत, त्यामुळे घड्याळाचा घोळ नाही. मायामीहून हिवाळ्यात निघणाऱ्यांना मात्र बेटाचं घड्याळ तासभर पुढे असतं, आणि जहाजाने आपलं बदललंय की नाही हे विचारावं लागतं. जहाजाने एखादं बंदर गाळलं तर पूर्ण पैसे परत, असं बाहेरच्या कंपनीकडून लेखी घ्या. ख्रिसमस विंड्समध्ये बंदर गळणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

कोणाकडूनही घेतलीत तरी आधी एक ईमेल टाका. त्या दिवशी बोटीवर जास्तीत जास्त किती माणसं घेता? पाण्यात किती गाइड उतरतात? चढायला रुंद पायऱ्या आहेत की टांगती शिडी? सावली किती जणांना पुरते? आणि रम पंच, म्हणजे रम घातलेलं सरबत, कधी सुरू होतो? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून मी बोट ओळखतो. ‘स्नॉर्केलिंग संपल्यावर’ असं उत्तर आलं तर कप्तान शहाणा. ‘चढल्या चढल्या’ असं आलं तर पुढची बोट बघा. ‘चार तासांची सफर’ याचा अर्थही नीट लावा. चढणं, सूचना, जाणं, येणं सगळं वजा जाता पाण्यात पाऊण तास, कधी दोन ठिकाणी मिळून तासभर. सकाळची पहिली फेरी घ्या. वारा दुपारकडे चढतो आणि तोवर बाकीच्या जहाजांची गर्दी त्याच कासवांवर येऊन पडते.

कॅटामरानला दोन तळ असल्याने ती एका कुशीवर कलत नाही, म्हणून ‘लागत नाही’ असं म्हणतात. अर्धं खरं. छोट्या उभ्या लाटेत ती आखडून हिसके देते आणि काहींना तेच जास्त बाधतं. पुढे दोन तळांमध्ये ताणलेली जाळी मुलांसाठी, मोठ्यांनी मागे, मधोमध बसावं. पुण्याहून येताना अ‍ॅव्होमिनची पट्टी आणलेलीच असेल, पण त्या गोळीने झोप येते. ती घेऊन पाण्यात उतरायचं नाही. पोट रिकामं ठेवू नका आणि तळकट खाऊन जाऊ नका.

कपड्यांचं सासूबाईंना आत्ताच सांगा. पोहण्याचा पोशाख नको असेल तर लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पोहताना घालायचा अंगासरशी सदरा) आणि लेगिंग, कोणी बघतही नाही, निम्मे प्रवासी उन्हामुळे तसेच असतात. सुती सलवार-कुर्ता मात्र नको, भिजला की पाय मारता येत नाहीत आणि पायऱ्यांवर जड होतो. अंग झाकलेलं असलं की सनस्क्रीनही कमी लागतं. सेंट थॉमसला २०२० पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे, बॅगेतली ट्यूब वाचून बघा. झिंक ऑक्साइडवालं न्या.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लिहा आणि चढताना परत सांगा. नाहीतर बार्बाडोसला माशाच्या ताटातला मासा काढून उरलेला भात आणि भाजलेलं केळं पुढे येतं. ते केळं तसं चांगलं लागतं. जहाजावरची फळं आणि सँडविच धक्क्यावर उतरवू देत नाहीत, बंद पाकिटातलं चालतं. भाकरवडीचं सीलबंद पाकीट मी कित्येकांच्या पिशवीत पाहिलंय, आणि स्नॉर्केलिंग झाल्यावर ते खलाशांसकट सगळ्या बोटीवर फिरतं, तेव्हा दोन न्या.